गॅरेजसाठी दणकट लाकडी रॅक घरीच कसा बनवायचा: वखारीपासून भिंतीपर्यंत

बाजारात भोकांच्या अँगलचे लोखंडी रॅक तयार मिळतात, ज्यांना हाताने काही करायची आवड नाही त्यांनी सरळ तेच घ्यावेत. पण गॅरेजची मापं कधीच सरळ नसतात, एकीकडे शटरची पेटी, दुसरीकडे पाण्याचा पाइप, मध्येच मीटरचा बॉक्स, आणि तयार रॅक नेमका तिथेच अडतो. लाकडाचा रॅक आपल्या मापाचा होतो आणि पुढे कधी एक कप्पा वर-खाली करावासा वाटला तर तोही करता येतो. खाली जी पद्धत देतोय ती अशा माणसासाठी आहे ज्याने आजवर फार तर एखादं कॅलेंडर टांगायला भिंतीला भोक पाडलंय. सुताराचा हात लागत नाही, मापं नीट घ्यायची आणि घाई करायची नाही, एवढं पुरतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात बसवून घ्या कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. वजन लाकडावर बसलं पाहिजे, स्क्रूवर लटकता कामा नये. घरी बनवलेले रॅक दोन वर्षांत खचतात ते बहुतेक वेळा यामुळेच, आडवी पट्टी खांबाला बाहेरून नुसती स्क्रूने चिकटवलेली असते, रंगाच्या बादल्या चढतात, स्क्रूच्या भोवतालचं लाकूड हळूहळू चेपतं आणि पट्टी खाली सरकते. आपण खांबाला खाच पाडून पट्टी त्या खाचेत बसवणार आहोत. मग वजन फळीवरून पट्टीवर, पट्टीवरून खांबावर आणि खांबातून जमिनीत जातं, स्क्रूचं काम फक्त पट्टी जागेवर धरून ठेवण्याचं.

१. आधी वजन आणि जागा मोजा

गॅरेजमध्ये काय ठेवणार त्याची यादी करा आणि प्रत्येकाचं अंदाजे वजन पुढे लिहा. २० लिटरची भिंतीच्या रंगाची बादली भरलेली असेल तर २५ ते ३० किलो भरते, कारण रंग पाण्यापेक्षा जड असतो. गाडीची बॅटरी १० ते १५ किलो. इन्व्हर्टरची मोठी ट्यूब्युलर बॅटरी मात्र ५० किलोच्या पुढे जाते आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, तिला या रॅकमध्ये घालूच नका, हवेशीर जागी तिच्या स्वतःच्या ट्रॉलीवर राहू द्या. खाली दिलेल्या मापांत प्रत्येक कप्प्यावर १०० किलोपर्यंत वजन बिनधास्त ठेवता येईल, फक्त ते पसरून ठेवायचं, एका टोकाला ढीग नको.

रॅकची उंची ६ फूट, रुंदी बाजूच्या पट्ट्या धरून साधारण ५४ इंच, खोली १६ इंचाच्या आत. ही मापं प्लायच्या शीटवरून काढली आहेत. ८ बाय ४ च्या एका शीटमधून ४ फूट लांब आणि १६ इंच रुंद असे बरोबर ६ तुकडे निघतात, त्यातले ५ फळ्यांना आणि सहावा मागच्या आधाराला, म्हणजे शीट वाया जात नाही.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये रॅक लावायचा विचार असेल तर कमिटीची लेखी परवानगी आधी घ्या. ती जागा सामाईक असते, आणि आगीच्या नियमांवरून ‘काढून टाका’ असं पत्र आलं की सगळी मेहनत फुकट.

२. लाकूड कुठलं घ्यायचं

सागवान उत्तमच, पण गॅरेजच्या रॅकला सागवान घालायची काही गरज नाही, तो पैसा घरातल्या दारा-खिडक्यांना लावा. पाइन भरपूर पुरतं. हलकं असतं, कापायला सोपं, सहज मिळतं. कोकणात कुणाकडे पाडलेल्या फणसाच्या किंवा आंब्याच्या फळ्या पडून असतील तर त्याही चालतील, फक्त वर्षभर तरी सावलीत वाळलेल्या हव्यात, आणि आंब्याला कीड लवकर लागते म्हणून औषधात कुचराई नको.

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज, जिथे जिथे एमआयडीसी आहे तिथे मशिनरीच्या पॅकिंगची पाइनची खोकी आणि पॅलेट भंगारवाल्याकडे मिळतात. त्यातलं लाकूड कधी कधी वखारीपेक्षाही चांगलं निघतं, पण घेताना त्यावरचा शिक्का बघा. परदेशातून आलेल्या पॅकिंगच्या लाकडावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि शेजारी दोन अक्षरं असतात. ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णता देऊन किडीपासून सुरक्षित केलेलं आहे, ते घ्या. ‘एमबी’ असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, तो विषारी वायू आहे, ते लाकूड घरात आणू नका. तेलाचे नाहीतर केमिकलचे डाग पडलेलं लाकूडही सोडून द्या. आणि एक साधं लोहचुंबक बरोबर ठेवा, लाकडात तुटून राहिलेला खिळा डोळ्याला दिसत नाही आणि करवतीच्या पात्याला लागला की दातही जातो आणि कधी कधी बोटही.

वखारीतून घेणार असाल तर या चार गोष्टी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका:

- पट्टी डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नजर टाका, बाक किंवा पीळ असेल तर बाजूला ठेवा. थोडा बाक स्क्रूने ओढून घेता येतो, पीळ कधीच जात नाही.
- पट्टीच्या कडेला आलेली मोठी गाठ नको. मध्यभागी घट्ट बसलेली छोटी गाठ चालते.
- लाकूड ओलं आहे का ते हाताला कळतं, गार लागतं आणि त्याच आकाराच्या दुसऱ्या तुकड्यापेक्षा जड असतं. वखारवाल्याकडे मॉइश्चर मीटर असेल तर लावायला सांगा, १५ टक्क्यांच्या आत हवं.
- जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या शेडखाली ठेवलेलं लाकूड घ्यायचंच नाही. फेब्रुवारी ते मे हा लाकूड घ्यायचा काळ.

३. घनफुटाचा हिशोब

नवीन माणसाची फसगत सगळ्यात जास्त इथे होते. वखारीत भाव घनफुटाचा असतो आणि आपण तर फुटात विचार करतो. सूत्र सोपं आहे, लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागायचं.

आपल्याला लागणार:

- खांब: ३ बाय २ इंच, ६ फुटी, ४ नग. एकूण २४ फूट, म्हणजे बरोबर १ घनफूट.
- पुढच्या-मागच्या आडव्या पट्ट्या: ३ बाय १ इंच, ५२ इंची, १० नग.
- बाजूच्या छोट्या पट्ट्या: ३ बाय १ इंच, १६ इंची, १० नग. या दोन्ही मिळून ५७ फूट, म्हणजे १.२ घनफुटाच्या आसपास.

एकूण सव्वादोन घनफूट होतात, कापण्यातली तूट धरून अडीच घनफूट मागा. पट्ट्या ९ किंवा १० फुटी मिळाल्या तर बरं, एका लांबीत ५२ इंचाचे दोन तुकडे निघतात.

आणि हे नक्की विचारा की सांगितलेलं माप रंधा मारायच्या आधीचं की नंतरचं. ३ बाय २ म्हणून दिलेलं लाकूड मशीनवर चारही बाजूंनी साफ करून घेतलं की दोन-तीन सूत कमी भरतं (इंचाचे ८ सूत), पैसे मात्र पूर्ण मापाचेच द्यावे लागतात. यात वखारवाल्याचं काही चुकत नाही, रीतच तशी आहे, पण आपण खाच पाडताना कागदावरचं ३ इंच धरलं आणि पट्टी पावणेतीनची निघाली तर ती खाचेत खुळखुळणार. म्हणून लाकूड घरी आल्यावर सगळं परत मोजा आणि ती खरी मापं वापरा.

४. बाकीचं सामान आणि हत्यारं

सामान:

- प्लाय ८ बाय ४, एक शीट. १२ मिमी पुरतो, कारण आपल्या पुढच्या आणि मागच्या पट्टीत जेमतेम १४ इंचाचं अंतर आहे. बजेट असेल तर १८ मिमी. गॅरेजमध्ये पावसाचं पाणी किंवा गाडी धुतल्याची ओल येत असेल तर आयएस ७१० छापलेला मरीन प्लाय घ्या, कोरडं असेल तर आयएस ३०३ चालेल. पार्टिकल बोर्ड नको, ओल लागली की फुगतो.
- लाकडाचे २ इंची स्क्रू, ८ नंबर, १०० ची पेटी. सव्वा इंची तसेच १००.
- फेव्हिकॉल, ओलीच्या जागेसाठी मरीनवाला.
- वाळवीचं लाकडाला लावायचं औषध, प्राइमर, ऑइल पेंट.
- कडप्प्याचे किंवा ग्रॅनाइटचे हाताच्या पंजाएवढे ४ तुकडे, मार्बलच्या दुकानाबाहेर पडलेले असतात.
- लोखंडी एल अँगल २, भिंतीच्या अँकरसकट.

स्क्रूबद्दल एक सूचना. काळे जिप्समचे स्क्रू दुकानदार पहिले पुढे करतो कारण ते स्वस्त असतात. ते ठिसूळ असतात, बाजूने जोर आला की न वाकता सरळ तुटतात. पिवळसर किंवा चंदेरी मुलामा असलेले लाकडाचे स्क्रू मागून घ्या.

हत्यारं: टेप, गुण्या, टोकदार पेन्सिल, चांगली हातकरवत, १ इंची पटाशी, लाकडी हातोडा, ड्रिल मशीन, निदान ४ क्लॅम्प, लेव्हल बाटली, ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, गॉगल.

ग्राइंडरला लाकडाचं पातं लावून कापायचं नाही. कितीही जण करताना दिसले तरी नाही. ग्राइंडर फार वेगाने फिरतो, पातं लाकडात अडकलं की मशीन उसळून अंगावर येतं आणि हात धरायला वेळच मिळत नाही. इलेक्ट्रिक कटर वापरायचा तर लाकडाची सर्क्युलर सॉ भाड्याने आणा, नाहीतर सरळ कापणी वखारीतच करून घ्या. प्लायचे सहा तुकडे तर दुकानातच पाडून घ्या, पॅनेल सॉवर ते जितके सरळ निघतात तितके घरी निघणार नाहीत, आणि रिक्षात घालून आणताही येतात.

५. कापायचा क्रम: आधी प्लाय, मग पट्टी

प्लायचे तुकडे पाडताना पातं दर कापाला साधारण ३ मिमी लाकूड खातं, त्यामुळे ४ फुटी तुकडा पूर्ण ४ फूट भरत नाही. म्हणून तुकडे हातात आल्यावरच पट्ट्यांची लांबी ठरवा. आडव्या पट्टीची लांबी म्हणजे प्लायची लांबी, अधिक दोन खांबांच्या जाड्या, अधिक २ सूत मोकळीक. हे साधारण ५२ इंचाच्या आसपास येतं. बाजूची छोटी पट्टी प्लायच्या रुंदीएवढी.

पहिली पट्टी मोजून कापा, तिच्यावर ‘नमुना’ लिहा आणि बाकीच्या नऊ तिलाच लावून आखा. दर वेळी टेप लावत बसलात तर सूत-अर्धा सूत इकडे तिकडे होतोच आणि शेवटी रॅक डुगडुगतो. करवत रेघेवर चालवायची नाही, रेघेच्या टाकाऊ बाजूला चालवायची.

६. खाचा

या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या. चारही खांब टेबलावर एकमेकांना चिकटवून ठेवा, ३ इंची बाजू उभी आणि २ इंची बाजू वर. खालची टोकं भिंतीला टेकवा म्हणजे सगळी एका रेषेत येतील. आता दोन-तीन क्लॅम्पने चारही खांब घट्ट आवळा, मिळून ८ इंच रुंदीचा एकच ओंडका झाला असं समजा.

खालच्या टोकापासून ६, २८, ४३, ५७ आणि ७१ इंचावर खुणा करा. या पट्टीच्या वरच्या कडा. पहिल्या दोन कप्प्यांत जास्त अंतर आहे ते रंगाच्या २० लिटरच्या बादलीसाठी, तुमच्याकडे बादल्या नसतील तर आपल्या डब्यांची उंची मोजून खुणा बदला. गुण्या धरून रेघ चारही खांबांवर एकदम ओढा. प्रत्येक रेघेला पट्टी टेकवून तिची खालची कडही पेन्सिलने आखून घ्या, कागदावरच्या ३ इंचावर जाऊ नका. मग बाजूला खाचेची खोली आखा, पट्टीच्या जाडीएवढी, म्हणजे साधारण १ इंच.

दोन्ही कडांवर करवतीने १ इंच खोल काप घ्या. करवतीच्या पात्यावर १ इंचावर रंगीत टेप चिकटवलीत तर थांबायचं कुठे ते दिसतं. मग मधल्या जागेत दोन-तीन सुतांवर तसेच काप घेत जा, लाकूड कंगव्यासारखं दिसायला लागेल. पटाशी आडवी धरून लाकडी हातोड्याने हलका ठोका दिला की ते दात पटापट तुटून पडतात. पटाशी अर्ध्यापर्यंत एका बाजूने आणि उरलेलं दुसऱ्या बाजूने चालवा, एकाच बाजूने पार नेलीत तर शेवटच्या खांबाची कड उडते. तळ पटाशीने सपाट करा आणि पट्टी बसवून बघा. तळहाताने दाबल्यावर किंवा हातोड्याच्या दोन हलक्या ठोक्यांत बसली पाहिजे. ठोकून ठोकून घालावी लागत असेल तर पॉलिश पेपर मारा, नाहीतर खांबाला चीर जाईल. सैल झाली तर लाकडाची पातळ चीप गोंद लावून सारा.

खाचेत पट्टी नेहमी उभी बसते, ३ इंच उंचीत. तीच पट्टी आडवी पसरली तर ती उभीपेक्षा ९ पट जास्त वाकते. लांबीचंही असंच आहे, तेच वजन आणि तीच पट्टी, पण लांबी दुप्पट केली तर बाक ८ पट होतो. म्हणून ८ फुटी एकच मोठा रॅक करण्यापेक्षा असे दोन शेजारी शेजारी उभे करा.

७. औषध आणि रंग, जोडणीच्या आधी

जोडल्यावर खाचांच्या आत ब्रश जात नाही आणि वाळवी नेमकी तिथेच शिरते. म्हणून सगळे तुकडे सुटे असतानाच हातमोजे आणि मास्क घालून, मोकळ्या हवेत वाळवीचं औषध लावा. खांबांची खालची टोकं डब्यात औषध ओतून तासभर बुडवून ठेवा, लाकूड ओल ओढतं ते टोकातूनच. औषध डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ वाळू द्या, मग प्राइमर. खाचेच्या आत मात्र प्राइमर लावू नका, गोंद लाकडाला धरतो, रंगाला नाही.

पेंटऐवजी जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा बाहेर पसरून वाळवा.

८. जोडणी

आधी गोंद न लावता सगळं एकदा बसवून बघा. मग जमिनीवर दोन खांब समोरासमोर ठेवून, खाचा वर, पाचही पट्ट्या गोंद लावून बसवा. दोन्ही कर्ण मोजा, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि उलट. दोन्ही सारखे आले की चौकट काटकोनात आहे. फरक असेल तर जास्त लांबीच्या कर्णाची टोकं हाताने दाबून सरळ करा, गोंद ओला आहे तोवरच हे जमतं.

प्रत्येक जोडाला दोन स्क्रू, तिरक्या रेषेत. एकाखाली एक उभे मारले तर दोन्ही एकाच रेषेवर येतात आणि लाकूड फाटतं. आधी ३ मिमीचं भोक पाडा मगच स्क्रू, पाइनला तर भोकाशिवाय टोकाजवळ स्क्रू मारूच नका. मागची चौकटही अशीच करा, आणि ती जमिनीवर असतानाच प्लायच्या सहाव्या तुकड्यातून १५ इंची तीन चौकोन कापून त्यांचे तिरके दोन दोन भाग करा. हे सहा त्रिकोण. चार मागच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांना, पट्टी आणि खांब दोन्हींत सव्वा इंची स्क्रू जातील असे लावा. रॅक डावी-उजवीकडे झुलतो तो हे त्रिकोण नसतात म्हणून.

एक रात्र सुकू द्या. दुसऱ्या दिवशी कुणाला तरी मदतीला घ्या, दोन्ही चौकटी उभ्या करा आणि बाजूच्या छोट्या पट्ट्या बाहेरून लावा, फळीच्या पातळीपेक्षा इंचभर वर, म्हणजे खोकी बाजूने घसरणार नाहीत. उरलेले दोन त्रिकोण बाजूंना वरच्या कोपऱ्यात. मग प्लाय समोरून थोडा तिरका करून आत घाला, पट्ट्यांवर बसवा आणि वरून सहा-सहा स्क्रू.

९. उभा करताना

चारही पायांखाली कडप्प्याचे तुकडे ठेवा, फरशी धुतली तरी लाकूड कोरडं राहतं. गॅरेजच्या जमिनीला पाणी जायला उतार दिलेला असतो, त्यामुळे लेव्हल बाटली लावून बघा आणि ज्या पायाखाली कमी पडतं तिथे पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा सारा. लाकडाची चीप नको, ती ओल धरते. भिंतीपासून इंच-दीड इंच मोकळं सोडा, हवा खेळती राहील आणि वाळवीची मातीची नळी चढायला लागली तर दिसेल तरी.

आता भिंतीला बांधणं. हे टाळायचं नाही, घरात लहान मुलं असतील तर अजिबातच नाही, मुलं कप्प्यांची शिडी करतात. वरच्या पट्टीला दोन एल अँगल लावून भिंतीत अँकर मारा. मधल्या मोकळ्या जागेत अँगलच्या मागे लाकडाचा ठोकळा घाला. भोक पाडताना पडणारी भुकटी बघा, लाल असेल तर विटेची भिंत आहे, साधी गिट्टी चालेल. पांढरट राखाडी आणि पिठासारखी मऊ असून ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर एएसी ब्लॉक आहे, नव्या बिल्डिंगांमध्ये सर्रास तोच असतो. त्यात साधी गिट्टी धरत नाही, हाताने ओढली तरी बाहेर येते. एएसी ब्लॉकसाठी वेगळे लांब नायलॉन अँकर मिळतात, दुकानात तसं सांगूनच मागा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायरचा पाइप तिथूनच गेलेला असतो.

१०. सामान लावताना

सगळ्यात जड सामान खालच्या दोन कप्प्यांत, आणि खांबांच्या जवळ. थिनर, पेट्रोल, रॉकेल असल्या वस्तू वरच्या कप्प्यात बंद डब्यात, मुलांच्या हाताबाहेर, आणि स्विचबोर्डपासून लांब. गोंद पूर्ण पक्का व्हायला दोन-तीन दिवस द्या, तोवर हलकंच काहीतरी ठेवा.

पहिला पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये एकदा सगळे स्क्रू हाताने आवळून घ्या, पाइन पावसात फुगतं आणि नंतर आकसतं म्हणून एक-दोन फेरे सैल झालेले असतात. त्याच वेळी खाली वाकून चारही पायांच्या मागे टॉर्च मारा, मातीची बारीक नळी दिसली तर खरवडून काढा आणि त्या जागी परत औषध लावा.